बुडालेल्या गाडीची नोंद खरेदीदाराला दिसू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी साखळीची. गेली तेवीस वर्षं बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नर्स आहे. रात्रपाळी असली की बसच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून २०२३च्या दसऱ्याला आम्ही एक जुनी गाडी घेतली. त्या गाडीने आम्हाला काय दाखवलं ते सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. आता पाऊस सुरू झालाय, पुढे गणपतीची चवथ येईल आणि घराघरांत जुन्या गाड्यांचे सौदे ठरू लागतील. एखाद्या घराने जरी हे वाचून गाडीचं मॅटिंग उचलून पाहिलं, तरी लिहिल्याचं चीज झालं.

गाडी २०१७ची, राखाडी रंगाची, लहान. नंबर जीए-०४, म्हणजे आमच्या डिचोलीचाच. त्या नंबरामुळे आम्ही निम्मे निर्धास्त झालो. आपल्या भागातली गाडी, इथल्याच कोणीतरी वापरलेली, असं वाटलं. मीटरवर ४१,००० किलोमीटर. जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या गृहस्थांनी डॉक्टरची गाडी म्हणून सांगितलं. आरसीवर मालकाचा अनुक्रमांक ०२ दिसला तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, "ताई, डॉक्टरांनी मिसेसच्या नावावर केलेली, एवढंच." माझ्या यजमानांनी बॉनेट उघडून पाहिलं, टायरची नक्षी पाहिली, रंगाला कुठे ठिगळ आहे का ते बघितलं. एसी गारेगार होता. सीट कव्हर कोरी करकरीत होती आणि आत गुलाबाच्या अत्तरासारखा वास येत होता. ३ लाख ४० हजारांत सौदा ठरला. २ लाख बँकेचं कर्ज, बाकीचे आमच्या पुंजीतले.

हिवाळा बरा गेला. मार्चमध्ये डाव्या बाजूची काच मध्येच अडकायला लागली. हॉर्न एक दिवस वाजायचा, एक दिवस नाही. मे महिन्यात एसी लावला की कुबट वास यायचा. शेजारचे म्हणाले, गोव्यात हे चालायचंच. आम्हीही तेच धरून चाललो.

मग जुलै. रात्री आठची पाळी होती, मी साडेसहाला निघाले. पाऊस असा की समोरचं काही दिसत नव्हतं. आमोणे पूल ओलांडला, माशेल मागे टाकलं, आणि बाणस्तारीच्या अलीकडे गाडीच्या समोरच्या पट्टीवरचे सगळे दिवे एकदम लागले. वायपर थांबले. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि इंजिन बंद पडलं. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूने जात होत्या आणि माझे पार्किंगचे दिवेसुद्धा लागत नव्हते. एका कदंब बसच्या ड्रायव्हरने बस आडवी लावून मागची रहदारी थोपवली. कंडक्टर आणि दोन प्रवासी भर पावसात उतरले आणि त्यांनी गाडी कडेला ढकलली. त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्याच बसने मी पुढे गेले आणि ओल्या कपड्यांनी वॉर्डात हजर झाले. त्या चौघांचे आभार मला आजपर्यंत मानता आलेले नाहीत, ते इथे मानते.

दोन दिवसांनी गाडी ओढून साखळीला आणली. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने आधी बॅटरी तपासली, मग फ्यूज. मग त्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचा उंबरठा म्हणता येईल अशा जागेची प्लॅस्टिकची पट्टी खटकन काढली आणि मॅटिंगचा कोपरा वर उचलला. खाली जाड फोम असतो, तोही उचलला. पत्र्याच्या खाचांमध्ये वाळलेला गाळ होता. बोट लावलं तर पिठीसारखा मऊ, आणि रंगाने काळपट. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सिस्टर, ही गाडी उदकांत बुडिल्ली."

मी साखळीत वाढले आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर, झाडांच्या पानांवर, शाळेच्या बाकांवर तांबडी धूळ बसायची. आमच्याकडची माती काय रंगाची असते हे मला कोणी सांगायला नको. हा काळा गाळ आमच्या वाळवंटी नदीचा नव्हता.

नंतर त्याने एकेक दाखवलं. सीटच्या खालच्या रुळांवर आणि बोल्टांवर गंज. सीट बेल्ट शेवटापर्यंत ओढला तर आतल्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ, आणि तिच्या वरचा पट्टा स्वच्छ. पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते त्या रेघेने सांगितलं. गाडीचा मेंदू म्हणतात त्या कंट्रोल युनिटचा जोड सोडवला तर पिनांवर हिरवा थर. पितळेच्या भांड्यात आमटी राहिली की ते कळकतं ना, अगदी तसा. पाणी उतरलं म्हणून प्रश्न संपत नाही. वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा आणि माती वर्षानुवर्षं तांबं खात राहतात. विकण्यापुरती गाडी धुता येते, वाळवता येते, पण शेकडो जोड कोणी उघडून पुसत बसत नाही. म्हणून अशी गाडी पहिले काही महिने छान चालते आणि मग आज काच, उद्या हॉर्न, परवा भर रस्त्यात इंजिन. दुरुस्तीला ६२,००० रुपये लागले. त्यानंतरही मी ती रात्रपाळीला नेत नाही.

त्या रात्री मी गाडीच्या कागदांची फाइल पहिल्यांदा नीट वाचली. विकणाऱ्यानेच दिलेली फाइल, इतके महिने माझ्या कपाटात होती. त्यात ऑक्टोबर २०१९च्या विमा पॉलिसीची झेरॉक्स निघाली. तिच्यावरचा नंबर जीए नव्हे, एमएच-१०, म्हणजे सांगली. मालक एकच, पहिला. आणि 'नो क्लेम बोनस'च्या रकान्यात शून्य. क्लेम केला नाही तर हा बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के, दुसऱ्यानंतर २५, पुढे ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो. दोन वर्षांच्या गाडीवर, मालक तोच असताना शून्य असेल तर मधल्या काळात काहीतरी क्लेम झालेला असण्याचीच शक्यता अधिक. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत कुठवर शिरला होता ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं आहे. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ना हरकत दाखला घेऊन गाडी गोव्यात आली, डिचोलीचा नंबर लागला आणि ती इथलीच होऊन गेली.

यात बेकायदा असं कागदोपत्री काहीच नाही, आणि नेमकं तेच मला खुपतं. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर तिची इथे फेरनोंदणी करावीच लागते. त्या वेळी चेसिस नंबर जुळतो का ते बघतात, त्याचा पेन्सिलने ठसा घेतात, कर भरून घेतात. गाडी पाण्यात होती का, हा प्रश्न कुठल्याच अर्जात नाही. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मात्र ती तपासलेली असते, फोटो काढलेले असतात, पाणी कुठवर होतं ते लिहिलेलं असतं. हे सगळं कंपनीच्या फाइलमध्ये राहतं आणि ज्याला त्याची सर्वात जास्त गरज, त्या पुढच्या गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. रुग्णाची जुनी केस पेपर न बघता औषध द्यायला आम्हाला सांगितलं तर आम्ही देणार नाही. इथे लाखो रुपये मोजणाऱ्याला केस पेपर दाखवायचीच सोय नाही.

माझी मागणी साधी आहे. केंद्राच्या 'वाहन' पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की आज विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर कर्ज आहे का, हे दिसतं. त्यात एका ओळीची भर घाला: या गाडीवर पूर किंवा मोठ्या अपघाताचा विमा क्लेम झाला आहे का, आणि कोणत्या वर्षी. मालकाचं नाव नको, रक्कम नको. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर कंपनी ती 'टोटल लॉस' धरते आणि तो सांगाडा बहुधा लिलावात जातो. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं ५५वं कलम सांगतं. पण लिलावातला सांगाडा धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आणला तर तो 'कायमचा निकामी' कसा म्हणणार? आणि माझ्या गाडीसारखी ७५ टक्क्यांच्या आत दुरुस्त झालेली तर कुठल्याच जाळ्यात सापडत नाही. गोव्याच्या वाहतूक खात्याने केंद्राची वाट न बघताही एक गोष्ट करावी. परराज्यातून फेरनोंदणीला आलेल्या प्रत्येक खासगी गाडीची तपासणी करताना निरीक्षकाने एका दाराची पट्टी काढून मॅटिंग उचलावं आणि शेरा लिहावा. पाच मिनिटांचं काम आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर गाडी घेणाऱ्यांनी आपण होऊन बघावं. सकाळच्या उजेडात बघा, संध्याकाळी नको. काचा बंद, एसी बंद करून दहा मिनिटं आत बसा. अत्तर किंवा डांबरगोळ्यांचा वास असेल तर कशावर तरी पांघरूण घातलंय असं समजा. सीट बेल्ट चारही ठिकाणचे पूर्ण ओढा. हेडरेस्ट उपसून त्याच्या दांड्या बघा, डॅशबोर्डखाली मान घालून स्क्रू बघा, डिकीत स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बोट फिरवा. मॅटिंग उचलू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर लोक चांगली गाडीही सोडून देतील. गोव्यात गंज आणि बुरशी दिसली म्हणजे गाडी बुडालेली, असं नाही. कळंगुट-कोलव्याच्या बाजूला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहणारी गाडी खालून, सायलेन्सरला, दारांच्या तळकडांना गंजते. आणि जुलैत आठ दिवस गाडी बंद राहिली तर स्टिअरिंगवर आणि बेल्टवर पांढरी बुरशी येते, ती कोणाच्याही गाडीला येते, फडक्याने पुसली की जाते. खारा वारा बाहेरून खातो. पुराचं पाणी आतून खातं. सीटच्या खालचा बोल्ट, डॅशबोर्डचा स्क्रू, छपराखाली कोरड्यात राहणाऱ्या अशा वस्तू गंजल्या असतील तर मात्र शंका घ्या. ओळखीच्या मेकॅनिकला पाचशे-हजार देऊन सोबत न्या. आमच्या मेकॅनिकला आम्ही दसऱ्याच्या आधी नेलं असतं तर त्याने तेव्हाच तोंडावर सांगितलं असतं.

कागदांत जुन्या पॉलिसी मागा, मिळतील तितक्या वर्षांच्या. बोनसचा आकडा वाचा, मात्र मालक बदलला की बोनस नव्याने सुरू होतो, म्हणून नाव आणि वर्ष जुळवून वाचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गाडीचा नंबर देऊन जुन्या सर्व्हिसचा इतिहास विचारा, मालकाला सोबत घेऊन गेलात तर बहुधा दाखवतात. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या गाड्याही पुढे खासगी होऊन विकायला येतात. त्या सगळ्या वाईट नसतात, पण किमतीत तो फरक दिसायला हवा, म्हणून आधीची नोंद विचारा.

पैसे शक्यतो बँकेतून द्या. मी कर्ज काढलं होतं म्हणून २ लाख थेट त्या विक्रेत्याच्या खात्यात गेल्याचा पुरावा आज माझ्याकडे आहे. उरलेले १ लाख ४० हजार रोख दिले, त्याचा एक कपटाही नाही. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम आले आहेत. त्यांनी नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात घेतली की मालकाने ते पोर्टलवर कळवायचं. मी या विक्रेत्याकडे ते प्रमाणपत्र मागितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही फक्त मधले." तुम्ही सौद्याच्या आधीच मागा. आणि जे गाडी विकतात त्यांनीही फॉर्म २९ आणि ३०वर कोऱ्या सह्या देऊन मोकळं होऊ नये. नाव बदललं नाही तर कायद्याने मालक तुम्हीच राहता. अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. मागे गाडी कोण चालवतोय ते तुम्हाला ठाऊकही नसेल.

आणखी एक, कारण हेच दिवस आहेत. तुमची स्वतःची गाडी दारात किंवा रस्त्यात पाण्यात सापडली तर पाणी उतरल्यावर चावी फिरवून बघण्याचा मोह टाळा. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी भर घ्यावी लागते. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि टोइंगवाल्याला बोलवा. जुलै २०२१मध्ये आमच्या सत्तरी-डिचोलीत पूर आला तेव्हा किती गाड्या पाण्यात होत्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्यातल्या काही आज परराज्यात कोणीतरी "गोव्याची, एका हाताची" म्हणून घेऊन बसला असेल.

गेल्या महिन्यात वाळपईहून एक तरुण जोडपं माझी गाडी बघायला आलं. बायको सहा महिन्यांची गरोदर, प्रसूतीच्या आत घरात गाडी हवी म्हणून धडपड. मी त्यांना बेल्टवरची रेघ दाखवली, दुरुस्तीची बिलं दाखवली, पॉलिसी दाखवली. नवरा बराच वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, काल एक पाहिली, तिचंही मॅटिंग उचलून बघतो." दोघं चहा घेऊन गेली. गाडी अजून आमच्या अंगणात फणसाखाली उभी आहे आणि कर्जाचे हप्ते चालू आहेत.

उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार तयार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे माझ्यासारख्या अडकलेल्यांनी ध्यानात ठेवावं. तक्रारीसोबत पॉलिसीची झेरॉक्स, बँकेचा उतारा आणि बिलं जोडली आहेत. मॅटिंगखालचा तो काळा गाळ मी झाकणाच्या एका छोट्या बाटलीत भरून, वर तारीख आणि गाडीचा नंबर लिहून ठेवला आहे. सुनावणीला तीही नेणार आहे.

आपली,
एक नर्स, साखळी